२००७ चा एकसदस्यीय वॉर्ड आज अस्तित्वात नाही. नाशिक महापालिकेतला त्याचा निवडणूक-इतिहास कसा लावायचा?

वालदेवी

मंडळी, सिडकोतल्या एका वॉर्डाचा निवडणूक-इतिहास लिहायचा आहे. वॉर्ड २००७ च्या महापालिका निवडणुकीतला, १०८ पैकी एक, एकच नगरसेवक निवडून देणारा. २०१२ ला दोनसदस्यीय प्रभाग आले आणि तो कागदावरून गेला. त्याच्या मागे २००२ चा आणि पुढे २०१२, २०१७ चे निकाल जोडायचे आहेत. ते क्रमांक धरून जोडता येतात का, की हद्दच बघावी लागते? हद्द बघायची तर कोणता कागद प्रमाण मानायचा? चार जागांच्या प्रभागात मतांची टक्केवारी कशी काढायची? आणि मुदतीत पक्ष बदललेल्या नगरसेवकापुढे कोणता पक्ष लिहायचा? वस्तीतल्या मंडळाच्या स्मरणिकेत छापायचं आहे. तिथे एकदा छापलं की लोक तेच खरं धरून चालतात, म्हणून शक्य तितकं अचूक हवं आहे.

गोदाकाठ

क्रमांक सोडा, हद्द धरा. २००७ ला १ ते १०८, २०१२ ला १ ते ६१ आणि २०१७ ला १ ते ३१ असे क्रमांक होते. म्हणजे ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा तिन्ही याद्यांत सापडतो, आणि घोळ तिथेच होतो. प्रभागाचा क्रमांक हा नुसता क्रम असतो. राज्य निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे उत्तरेकडून सुरुवात करून ईशान्य, पूर्व असं वळत वळत दक्षिणेला शेवट करतात. २०१७ चा प्रभाग १ म्हसरूळकडे आहे तो त्यामुळेच. १०८ पैकी २५ वा वॉर्ड आणि ३१ पैकी २५ वा प्रभाग यांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचं कारणच नाही.

त्याहून मोठी अडचण आकाराची आहे. नगरसेवकांची संख्या महापालिका अधिनियमाच्या कलम ५ मधल्या सूत्रानं ठरते. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १०,७७,२३६ होती. सहा लाखांना ८५ नगरसेवक आणि त्यावरच्या दर २० हजारांना एक, असे १०८ झाले. २०११ ला लोकसंख्या १४,८६,०५३ झाली. बारा लाखांवरच्या शहराला ११५ आणि पुढच्या दर ४० हजारांना एक, म्हणून १२२. या जागा दर वेळी वेगळ्या पद्धतीनं वाटल्या गेल्या. २००२ ला तीन-तीनचे ३६ प्रभाग, सरासरी २९,९२३ लोकवस्तीचे. २००७ ला एकेकाचे १०८ वॉर्ड, सरासरी ९,९७४. २०१२ ला दोन-दोनचे ६१, सरासरी २४,३६१. २०१७ ला चारचे २९ आणि तीनचे २, त्यात चारच्या प्रभागाची सरासरी ४८,७२३. प्रत्यक्षात या सरासरीच्या १० टक्के वर-खाली चालतं.

आता तुमच्या वॉर्डाकडे या. शहर त्या दहा वर्षांत साधारण ३८ टक्के वाढलं. वॉर्डही त्याच वेगानं वाढला असं धरलं तर २०११ ला तिथे पावणेचौदा हजार लोक असतील. २०१७ च्या चार जागांच्या प्रभागाचा हा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग. म्हणजे तो अख्खा वॉर्ड एकाच प्रभागात गेला असला, तरी २०१७ चे चार नगरसेवक निवडणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक जुन्या वॉर्डाबाहेरचे आहेत. त्यामुळे ‘हा वॉर्ड २०१२ ला मनसेकडे गेला आणि २०१७ ला भाजपकडे आला’ हे वाक्य लिहूच नका. वॉर्ड कुठेच गेला नाही. एका मोठ्या प्रभागाचा निकाल लागला आणि त्यात ही वस्ती होती, एवढंच कागदावरून सिद्ध होतं.

दोन निवडणुकांच्या रचना जोडणारा कुठला सांधा पक्का आणि कुठला कच्चा, ते आधी नीट समजून घ्या, कारण मेहनत कुठे लागणार ते त्यावर ठरतं. २०१२, २०१७, २०२२ ची रद्द झालेली आणि २०२५ ची, या चारही रचना २०११ च्याच जनगणनेवर उभ्या आहेत. जनगणनेत एका प्रगणकाला जो भाग वाटून देतात तो प्रगणक गट, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा. प्रभाग करताना हे गट शक्यतो फोडत नाहीत. रचनेच्या कागदांत कोणत्या प्रभागात कोणते प्रगणक गट आणि त्यांची एकूण, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीची लोकसंख्या किती, याचा तक्ता असतो. त्यामुळे २०१२ च्या प्रभागाचा कोणता तुकडा २०१७ च्या कोणत्या प्रभागात गेला, हे गटांचे क्रमांक जुळवून जवळजवळ शंभर टक्के सांगता येतं. २००७ ची रचना मात्र २००१ च्या जनगणनेवरची. त्या गटांचे क्रमांक आणि २०११ च्या गटांचे क्रमांक यांचा मेळ नाही. कच्चा सांधा हा एकच, आणि तुमचं काम नेमकं त्यावरच आहे. २००२ आणि २००७ दोन्ही २००१ वर असल्यामुळे मागच्या बाजूचा सांधा पुन्हा पक्का.

हा कच्चा सांधा नकाशावरच जुळवावा लागतो. २००७ च्या अंतिम अधिसूचनेतली तुमच्या वॉर्डाची चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दीचं वर्णन, आणि नकाशा घ्या. नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये आजच्या नकाशावर बसवा. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शहराचा एकच मोठा नकाशा असेल तर सहा ते आठ न हललेले बिंदू लागतात: त्र्यंबक नाका, रविवार कारंजा, निमाणी, बिटको चौक असे, आणि ते शहराच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत. सगळे बिंदू एकाच भागातले घेतलेत तर दुसऱ्या टोकाला हद्द शे-दीडशे मीटर सरकलेली दिसेल. द्वारका चौक टाळलेलाच बरा, उड्डाणपूल झाल्यापासून तिथला आकार बदलला आहे. नकाशा बसला की त्यावर २०११ च्या प्रगणक गटांच्या हद्दी टाका आणि कोणता गट जुन्या वॉर्डाच्या आत, कोणता बाहेर आणि कोणता कापला जातो ते लिहून काढा. कापल्या जाणाऱ्या गटासाठी घरांची रांग प्रत्यक्ष जाऊन बघा. क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटू नका. सिडकोत एका बाजूला दाट घरं आणि दुसऱ्या बाजूला शाळेचं मैदान असं पुष्कळ ठिकाणी आहे, तिथे क्षेत्रफळाचं गणित हमखास फसतं.

चतुःसीमा वाचताना काठ आणि बाजू बघा. ‘नाल्याच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे’ आणि ‘नाल्याच्या मध्याने पूर्वेकडे’ यांत फरक आहे. ‘रस्त्याची पूर्व बाजू’ म्हटलं असेल तर समोरची दुकानं शेजारच्या वॉर्डात जातात. जुने उल्लेखही अडवतात. ‘रा. म. ३’ म्हणजे मुंबई-आग्रा राष्ट्रीय महामार्ग आणि ‘रा. म. ५०’ म्हणजे नाशिक-पुणे, हे क्रमांक २०१० नंतर बदलले. नासर्डी नदीचं नाव आता नंदिनी झालं आहे, सिडको विभागाला महापालिका नवीन नाशिक म्हणते. सिडकोच्या सहा योजना आणि ‘एन’ने सुरू होणारे सेक्टर-क्रमांक हे मात्र तुमच्या उपयोगाचे. घरांवरच्या जुन्या पाट्यांत आणि मतदार यादीतल्या पत्त्यांत ते अजून टिकून आहेत, आणि चौकांच्या बदलत्या नावांपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत.

आणि एक. प्रारूप रचना (आधी जाहीर होणारा मसुदा) आणि अंतिम रचना यांत गल्लत नको. प्रारूपावर हरकती येतात, सुनावणी होते आणि काही गट इकडचे तिकडे होतात. वर्तमानपत्रांत सविस्तर छापलं जातं ते बहुतेकदा प्रारूप, कारण बातमी तेव्हा ताजी असते. प्रमाण मानायची ती अंतिम अधिसूचना.

मतपेटी

हद्दीचं वर आलंच आहे, मी मतांपुरतं लिहितो.

बहुसदस्यीय प्रभागात उमेदवार ‘प्रभागात’ उभा नसतो, तो अ, ब, क किंवा ड या ठरलेल्या जागेवर उभा असतो. मतदार प्रत्येक जागेसाठी एक मत देतो. २०१७ ला मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेचे रंगही वेगळे होते: अ साठी पांढरा, ब साठी फिकट गुलाबी, क साठी फिकट पिवळा, ड साठी फिकट निळा. म्हणजे एका प्रभागात प्रत्यक्षात चार निवडणुका होतात आणि चारही तक्ते वेगळे ठेवायचे असतात. मतं उतरती लावून पहिले चार विजयी, अशी पद्धत इथे नाही. त्यामुळे ‘ड’ मध्ये हरलेल्याला ‘अ’ मधल्या विजेत्यापेक्षा जास्त मतं पडलेली दिसली, तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

टक्केवारीत सगळ्यात जास्त चुका छेदात होतात. समजा २०,००० जणांनी मतदान केलं. चार जागा मिळून ८०,००० मतं होतात. मतदानाचं प्रमाण काढताना २०,००० घ्यायचे, ८०,००० नाहीत. ‘अ’ जागेवर विजयी उमेदवाराला ८,००० आणि नोटाला ८०० पडली असतील, तर उमेदवारांना मिळालेल्या १९,२०० मतांवर त्याची टक्केवारी ४१.७ येते आणि एकूण मतांवर ४०. दोन्ही बरोबर आहेत, पण एकच पद्धत धरा आणि तक्त्याखाली लिहा. तुमच्या तक्त्यासाठी मी नोटा वगळून काढायला सांगेन. नोटा सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर आलं, म्हणजे २००७ आणि २०१२ ला ते नव्हतंच. नोटा धरलंत तर २०१७ चे आकडे आधीच्यांशी तुलनेला बसत नाहीत. १९९२, १९९७ पर्यंत मागे गेलात तर तिथे कागदी मतपत्रिका आणि बाद मतं आहेत, तीही छेदातून बाहेर काढा.

पक्षाची मतं काढताना पक्षानं किती जागा लढवल्या ते बघा. वरच्याच उदाहरणात एखाद्या पक्षानं दोनच जागा लढवून ६,००० आणि ५,००० मतं घेतली. ८०,००० वर काढलं तर १३.७५ टक्के, लढवलेल्या दोन जागांच्या ४०,००० वर काढलं तर २७.५ टक्के. नुसता पहिला आकडा छापला तर पक्ष होता त्याच्या निम्मा दिसतो.

प्रभागाची मतं लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून ‘जुन्या वॉर्डातून इतकी मतं’ असा आकडा मात्र तयार करू नका. उमेदवार जिथे राहतो तिथे त्याला मतं एकवटून पडतात आणि दोन गल्ल्या सोडून तोच चौथ्या क्रमांकावर असतो. लोकसंख्येच्या वाटणीनं हे सगळं सपाट होतं. त्याऐवजी केंद्रनिहाय मतमोजणीचा तक्ता मिळवा. मतदान केंद्राच्या यादीत केंद्राला जोडलेला भाग लिहिलेला असतो. जुन्या वॉर्डाच्या हद्दीत पूर्ण बसणारी केंद्रं निवडून तेवढ्यांचीच बेरीज करा आणि काठावरची केंद्रं वेगळी दाखवा.

केंद्र जुळवताना एक खाच आहे. महापालिकेची मतदार यादी स्वतंत्रपणे तयार होत नाही, विधानसभेची यादी प्रभागाप्रमाणे फोडून करतात. २००८ ला विधानसभा मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि शहर १२३ नाशिक पूर्व, १२४ नाशिक मध्य, १२५ नाशिक पश्चिम आणि १२६ देवळाली यांत विभागलं गेलं. म्हणजे २००७ ची यादी जुन्या मतदारसंघांच्या भागांवरून आणि २०१२ पासूनच्या याद्या नव्या भागांवरून. मतदार यादीतले भाग क्रमांक जुळवत बसण्यात काही हशील नाही. पत्ता आणि केंद्राची इमारत यांवर जुळवा, आणि तेही केंद्राला जोडलेला भाग वाचूनच, कारण शाळा तीच राहून तिला जोडलेल्या गल्ल्या बदललेल्या असतात.

खडकाळी

कागद मिळवण्याबद्दल.

सगळ्यात आधी राज्य निवडणूक आयोग आणि महापालिका यांच्या संकेतस्थळांवर काय आहे ते बघा. अलीकडच्या रचना आणि निकाल तिथे सापडतात. जितकं मागे जाल तितका कागदच शोधावा लागतो. महापालिकेचं मुख्यालय राजीव गांधी भवन, शरणपूर रस्त्याला. निवडणूक शाखेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जाचा नमुना जोडपत्र ‘अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असं बंधन आहे. ‘वॉर्डाचा १९९२ पासूनचा निवडणूक-इतिहास द्यावा’ असा अर्ज हमखास परत येतो, कारण असा कागद कुणाकडे तयार नसतो. अस्तित्वात असलेला कागद नावानिशी मागा. एका अर्जात २००७ ची अंतिम वॉर्ड रचना, चतुःसीमा आणि नकाशा. दुसऱ्यात त्या वॉर्डाची निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी आणि निकालपत्रक. तिसऱ्यात २०१२ ची प्रगणक गटनिहाय यादी. चौथ्यात केंद्रनिहाय मतमोजणी तक्ता. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रत पानाला २ रुपये. नकाशे मोठ्या कागदावर असतात, त्यामुळे प्रतीऐवजी आधी अभिलेख पाहणी, म्हणजे कागद तिथेच बसून बघायची परवानगी, मागा आणि नेमकं कोणतं पान हवं ते ठरवूनच प्रत घ्या. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

१९९२ च्या बाबतीत एक लक्षात ठेवा. राज्य निवडणूक आयोग १९९४ चा. नाशिक महापालिकेची पहिली निवडणूक त्याच्या दोन वर्षं आधीची, त्यामुळे आयोगाकडे अर्ज करून त्या निवडणुकीचं काही हाती लागणं अवघड. तिथे राजपत्र आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली हाच मार्ग. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. गांवकरी, देशदूतसारख्या स्थानिक पत्रांचे निकालानंतरचे दोन-तीन दिवसांचे अंक बघा. पहिल्या दिवशीच्या अंकात आघाडीचे आकडे असतात, पूर्ण तक्ता बऱ्याचदा नंतर येतो.

१९९२ च्या मागे जाऊच नका. महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला झाली. त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन वेगळ्या नगरपालिका होत्या, आणि भोवतालच्या गावांच्या ग्रामपंचायती. १९८२ ते १९९२ प्रशासकाचा कारभार होता, निवडणूक झालीच नाही. नाशिकची नगरपालिका १८६४ पासूनची असली, तरी तिचे वॉर्ड आणि तुमचा वॉर्ड यांना जोडणारा धागा नाही.

वालदेवी

तिघांचेही आभार, कामाचा क्रम आता डोळ्यांसमोर आला. तीन गोष्टी राहिल्या. पक्षाच्या रकान्यात काय लिहायचं? पोटनिवडणुका कशा दाखवायच्या? आणि २०२२ ला तीन सदस्यांची रचना झाली होती, तिची नोंद करायची की नाही?

गोदाकाठ

पक्षाच्या रकान्यात निवडणुकीच्या दिवशी मतपत्रिकेवर जे चिन्ह होतं त्याचा पक्ष, दुसरं काही नाही. नंतर काय झालं ते शेवटच्या टिपेच्या रकान्यात. नाशिकसाठी हा नियम कटाक्षानं पाळायला हवा. २०१२ ला मनसेचे ४० निवडून आले आणि यतिन वाघ महापौर झाले. मुदत संपेपर्यंत त्यांतल्या अनेकांनी पक्ष सोडला आणि २०१७ ला मनसे ५ वर आली. टिपेत पक्षांतर लिहिताना बातमीवर विसंबू नका. निवडून आल्यावर पक्षाच्या गटाची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे होते, १९८६ च्या अपात्रता कायद्यासाठी तीच नोंद धरतात. प्रवेशाचा कार्यक्रम झाला आणि नोंद जुन्याच गटात राहिली, असं घडू शकतं.

सध्या सर्रास दिसणारी एक चूक टाळा. २०१७ च्या शिवसेनेच्या ३५ विजेत्यांपुढे कंसात शिंदे किंवा ठाकरे लिहिलेलं दिसतं. २०१७ ला निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि शिवसेनेतली फूट जून २०२२ ची. त्या नगरसेवकांच्या मुदतीत शिवसेना एकच होती. राष्ट्रवादीचंही तसंच, ती फूट २०२३ ची. २०१७ चा पक्षनिहाय निकाल ताळ्यासाठी देतो: भाजप ६६, शिवसेना ३५, काँग्रेस ६, राष्ट्रवादी ६, मनसे ५, अपक्ष ३, रिपाइं १. बेरीज १२२ आली पाहिजे.

पोटनिवडणूक स्वतंत्र ओळीत दाखवा, मूळ निकालाच्या जागी घालू नका. रिक्त जागेचं कारणही लिहा: निधन, राजीनामा की अपात्रता. प्रभाग १३ ‘क’ ची पोटनिवडणूक २०१८ ला झाली. २२ ‘अ’ आणि २६ ‘अ’ च्या जानेवारी २०२० ला झाल्या, तिथे पार्श्वभूमी विधानसभा निवडणुकीची होती. २२ ‘अ’ च्या सरोज अहिरे २०१९ ला देवळालीतून आमदार झाल्या. मतदान एकाच जागेसाठी होतं, त्यामुळे पोटनिवडणुकीची टक्केवारी सार्वत्रिकशी तुलना करून पक्ष वाढला-घटला असं म्हणू नका. न्यायालयीन निकालांवरही नजर टाका. निवडीला आव्हान द्यायची मुदत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांची असते, पण खटला मात्र वर्षानुवर्षं चालू शकतो. राखीव जागेवरच्या विजेत्याचं जात पडताळणीत पद गेलं असेल, तर ते निकालपत्रकात दिसणार नाही. ते नंतरच्या आदेशात असतं.

२०२२ च्या रचनेची तळटीप पुरे. कायद्यात दुरुस्ती करून जागा वाढवल्या होत्या, बारा लाखांना ११५ ऐवजी १२६. नाशिकला १३३ जागा आणि ४४ प्रभाग झाले, ४३ तीनचे आणि एक चारचा. मतदान झालं नाही, ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं ती वाढ मागे घेतली आणि २०२५ ची रचना पुन्हा ३१ प्रभाग, १२२ जागांची झाली. इतिहासाच्या तक्त्यात ती ओळ घातली तर वाचणारा निकाल शोधत बसेल.

आरक्षणाचा रकाना मात्र विसरू नका, निम्मा इतिहास त्यातच आहे. २००७ ला महिलांसाठी एक तृतीयांश जागा होत्या, २०१२ पासून निम्म्या. २०१७ ला १२२ पैकी १८ अनुसूचित जाती, ९ अनुसूचित जमाती, ३३ इतर मागास आणि सगळे प्रवर्ग मिळून ६१ महिला. अनुसूचित जातीच्या जागा लोकसंख्येचं प्रमाण जास्त असलेल्या प्रभागांपासून उतरत्या क्रमानं जातात, महिलांच्या सोडतीनं ठरतात. आपली जागा राखीव झाली की नगरसेवक शेजारच्या वॉर्डात उभा राहतो, किंवा घरातल्या स्त्रीला उभं करतो. त्यामुळे ‘२००७ चा विजेता पुढे दिसत नाही’ यावरून तो राजकारणातून गेला असं ठरवू नका, चारही बाजूंच्या वॉर्डांच्या उमेदवार याद्या चाळा. नाव जुळवताना मधलं नाव आणि पत्ता दोन्ही बघा. आडनाव आणि पहिलं नाव सारखं असलेले दोघे एकाच विभागात सापडतात. महिला उमेदवारांच्या बाबतीत एका निवडणुकीत सासरचं आणि दुसरीत माहेरचं आडनाव जोडलेलं असू शकतं.

चांदोरी

धागा शहराचा आहे, पण हेच काम जिल्हा परिषदेच्या गटासाठी, म्हणजे तिथल्या मतदारसंघासाठी, कसं करायचं? आमच्याकडचा एक जुना गट नव्या रचनेत विरून गेला आहे.

खडकाळी

गटाचं काम शहरापेक्षा सोपं. तिथे मोजमाप गावाचं असतं आणि गाव सहसा फोडत नाहीत. त्यामुळे अधिसूचनेतली गावांची यादी समोर ठेवली की नकाशाशिवाय भागतं. एका गटात पंचायत समितीचे दोन मतदारसंघ, म्हणजे गण, असतात. २०१७ ला जिल्ह्यात ७३ गट आणि १४६ गण होते, २०२५ च्या रचनेत ७४ आणि १४८. आधी गण जुळवा, मग गट, कारण बऱ्याचदा एक गण शेजारच्या गटाला जोडलेला असतो आणि जुन्या गटाचं नाव मात्र दुसऱ्या अर्ध्याकडे राहिलेलं असतं. अर्ज महापालिकेकडे नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा तहसीलकडे.

फसगत होते ती गाव गटातून बाहेर पडल्यावर. निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा इथे २०१५ ला नगरपंचायती झाल्या. त्या गावांचे मतदार तेव्हापासून जिल्हा परिषदेला मत देत नाहीत. २०१२ आणि २०१७ चे आकडे शेजारी ठेवले तर भोवतालच्या गटात मतदार अचानक कमी झालेले दिसतात. त्याचा अर्थ मतदान घटलं असा नाही. ओझरचीही आता नगरपरिषद आहे, निफाड तालुक्याच्या गटांत हे दोनदा तपासा.

वालदेवी

शेवटचा प्रश्न. हे सगळं स्मरणिकेच्या पानावर मांडायचं कसं? वाचणारे आमच्या वस्तीतले आहेत, एवढी खोलात माहिती त्यांना नको.

गोदाकाठ

मथळ्यात वॉर्डाचा क्रमांक देऊ नका. वस्तीचं नाव आणि २००७ ची हद्द दोन ओळींत द्या. मग प्रत्येक निवडणुकीला एक परिच्छेद, साधारण असा:

‘२०१२ (मतदान १६ फेब्रुवारी, मतमोजणी १७ फेब्रुवारी): दोनसदस्यीय प्रभाग. २००७ च्या वॉर्डातले अमुक इतके प्रगणक गट प्रभाग क्रमांक अमुकमध्ये, उरलेले अमुकमध्ये. पहिल्या प्रभागात या वस्तीचा लोकसंख्येतला हिस्सा इतके टक्के. जागा अ, आरक्षण, विजयी, पक्ष, मते, मताधिक्य. जागा ब, तसेच. वस्तीतल्या केंद्रांवर आघाडी कोणाची.’

२०१७ चा परिच्छेद याच साच्यात, मतदान २१ फेब्रुवारी आणि मतमोजणी २३ फेब्रुवारी. २००२ ला तीन जागा येतील. हिश्शाचा आकडा प्रत्येक परिच्छेदात सगळ्यात वर ठेवा, तो खाली गेला तर वाचणारा प्रभागाचा निकाल वस्तीचा समजेल. काठावरच्या ज्या केंद्रांचा निर्णय लागत नाही ती बेरजेतून वगळा आणि ती कोणती, हे पानाच्या तळाला लिहा. २००७ च्या परिच्छेदाला जास्त जागा द्या. त्या एकाच निवडणुकीत वॉर्डाची हद्द आणि निकालाची हद्द एक होती, म्हणून तिथे उमेदवारांची पूर्ण यादी आणि प्रत्येकाची मतं छापता येतात.